डॉ. खानसाहेब : सरहद्दीच्या राजकारणातला थोरला भाऊ

सरहद्द_वाचक (धागालेखक)

सरहद्द गांधींबद्दल, म्हणजे खान अब्दुल गफार खानांबद्दल, आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शाळेच्या पुस्तकात धडा होता, वर्धा-सेवाग्रामच्या आठवणींत त्यांचं नाव येतंच. पण त्यांच्या थोरल्या भावाबद्दल मराठीत फार काही वाचायला मिळत नाही. मला मात्र हा थोरला भाऊ जास्त अस्वस्थ करतो. धाकट्याने आयुष्यभर सत्तेपासून लांब राहून चळवळ चालवली. थोरल्याने सरकार चालवलं, आणि सरकार चालवणाऱ्याला जे जे भोगावं लागतं ते सगळं भोगलं.

अब्दुल जब्बार खान हे त्यांचं पाळण्यातलं नाव. सगळे ओळखायचे ते डॉ. खानसाहेब म्हणून. पेशावरच्या उत्तरेला चारसद्दा आहे, त्याच्या जवळचं उतमानझाई हे त्यांचं गाव. वडील बहराम खान तिथले जमीनदार. पेशावरच्या मिशन शाळेतून मॅट्रिक, मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. पत्नी इंग्रज. धाकट्या गफारलाही विलायतेला जायची संधी चालून आली होती, पण एक मुलगा साता समुद्रापलीकडे गेला आहे, दुसरा पाठवणार नाही, असं म्हणून आईने त्याला जाऊ दिलं नाही. तेवढ्या एका नकाराने दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या!

परत आल्यावर खानसाहेब इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेले. मर्दानला गाइड्स पलटणीत नेमणूक झाली. वझिरीस्तानात पठाण टोळ्यांविरुद्ध लष्करी मोहीम निघाली आणि त्यांची तिकडे बदली झाली, तेव्हा आपल्याच लोकांवर चालून जाणाऱ्या फौजेबरोबर जायला त्यांनी नकार दिला आणि राजीनामा दिला. पुढे पेशावरात दवाखाना थाटला. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, तेव्हा जखमींच्या मलमपट्टीला जे डॉक्टर धावले त्यांत हेही होते. राजकारणात ते खऱ्या अर्थाने ओढले गेले ते तिथून.

डिसेंबर १९३१ मध्ये दोघे भाऊ पकडले गेले आणि पुढे हजारीबागच्या तुरुंगात होते. ऑगस्ट १९३४ मध्ये सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात (आजचा पाकिस्तानातला खैबर पख्तुनख्वा) आणि पंजाबात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर. मग ते वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे येऊन राहिले. स्वतःच्या प्रांतात जायला बंदी असतानाच त्या प्रांतातल्या मतदारांनी खानसाहेबांना मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून दिलं!

१९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. सरहद्दीच्या ५० जागांपैकी काँग्रेसला १९ मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. आधी साहिबजादा अब्दुल कय्यूम यांचं मंत्रिमंडळ आलं. ते सप्टेंबरात अविश्वास ठरावावर पडलं आणि डॉ. खानसाहेब प्रांताचे पंतप्रधान झाले (मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर होते, तेच पद).

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, काँग्रेसश्रेष्ठींच्या आदेशावरून राजीनामा. मार्च १९४५ मध्ये पुन्हा सत्ता. २२ ऑगस्ट १९४७ ला जीनांच्या सांगण्यावरून बडतर्फी. मग नजरकैद. आणि १९५५ मध्ये, ज्यांनी बडतर्फ केलं त्याच पाकिस्तानात, अख्ख्या पश्चिम पाकिस्तानचे पहिले मुख्यमंत्री! ९ मे १९५८ ला लाहोरात मुलाच्या बंगल्याच्या बागेत बसलेले असताना एका बडतर्फ पटवाऱ्याने (तलाठ्याने) त्यांना भोसकून मारलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाला प्रांताचा कारभार करायचा होता. पहिल्या दोन वेळा खुर्ची गेली ती विधिमंडळातल्या मताने नाही, प्रांताबाहेरच्या निर्णयाने. त्यांचं शेवटचं, सगळ्यांनी नावं ठेवलेलं पर्व समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवावं लागतं. जाणकारांनी भर घालावी.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला. एक प्राथमिक शंका. जिथे ९० टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान, तिथे १९३७ मध्ये आणि त्याहूनही १९४६ मध्ये काँग्रेस कशी जिंकली? तोवर पाकिस्तानची मागणी ऐन भरात होती ना?

---

दप्तरखाना

@प्रश्नचिन्ह, याचं उत्तर त्या टक्केवारीतच आहे. हिंदू-शीख इतके थोडे होते की हिंदूंचं राज्य येईल ही भीती तिथल्या खेडुताला घालता येत नव्हती. संयुक्त प्रांतातल्या मुसलमानाला जी धास्ती वाटत होती, ती उतमानझाईच्या शेतकऱ्याला वाटण्याचं कारणच नव्हतं. त्याला टोचत होते ते बडे खान, म्हणजे मोठे जमीनदार, त्यांचे मानसन्मान, आणि त्यांच्या पाठीशी उभं असलेलं इंग्रज सरकार.

शिवाय या प्रांताचा स्वतःचा सल होता. कर्झनने १९०१ मध्ये पंजाबातून तोडून हा प्रांत केला. १९१९ च्या सुधारणा बाकी हिंदुस्थानला मिळाल्या, यांना मिळाल्या नाहीत. सरहद्दीवर निवडणुका म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडी ओढणं, अशी अधिकाऱ्यांची समजूत. गव्हर्नरच्या प्रांताचा दर्जा मिळायला १९३२ उजाडलं. गफार खानांची खुदाई खिदमतगार संघटना १९२९ ची, म्हणजे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतले 'लाल डगलेवाले'. १९३० च्या दडपशाहीत त्यांनी आधी मुस्लिम लीगकडे मदत मागितली होती. लीगने हात वर केले. काँग्रेसने हात दिला. पुढची सोळा-सतरा वर्षं सरहद्दीतली काँग्रेस म्हणजे खुदाई खिदमतगारच.

१९४६ ला ५० पैकी काँग्रेस ३० आणि लीग १७ हा निकाल त्या मुळावर उभा होता.

---

वैद्यकी

ग्रँट मेडिकलचा उल्लेख वाचून बरं वाटलं. तिथे शिकलेल्या आम्हा लोकांनासुद्धा हे नाव माहीत नसतं.

इंडियन मेडिकल सर्व्हिस सोडणं म्हणजे त्या काळात काय होतं, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. ती परीक्षा लंडनला व्हायची. हिंदी माणसाला तिथवर पोचणंच कठीण, आणि पोचलेला माणूस लष्करी हुद्दा असलेला अधिकारी व्हायचा. पगार, पेन्शन, प्रतिष्ठा, सगळंच. ते सोडून पेशावरात खाजगी दवाखाना काढणं हा साधासुधा राजीनामा नव्हे. कुठल्याही पक्षाने त्यांना ते करायला सांगितलेलं नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

वऱ्हाडी_पाणी

वर्ध्याचा असल्यामुळे राहवलं नाही. १९३४ चा तो काळ आमच्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात यायचा. उंचेपुरे दोन पठाण भाऊ बजाजांकडे राहायचे, गांधीजींच्या प्रार्थनेला बसायचे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याच ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गफार खानांना अध्यक्षपद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. डिसेंबरात गफार खानांना वर्ध्यातूनच अटक झाली, मुंबईत ख्रिस्ती मंडळींपुढे केलेल्या भाषणाबद्दल. दोन वर्षांची शिक्षा.

म्हणजे डिसेंबर १९३४ ला चित्र असं होतं की धाकटा पुन्हा तुरुंगात आणि थोरला दिल्लीच्या कायदेमंडळात. धागालेखक म्हणतात त्या दोन वाटा इथे अगदी स्पष्ट दिसतात.

---

बांधावरून

चांगल्या गोष्टी सांगताय, सांगा. पण पहिल्या मंत्रिमंडळाचा हिशेब नीट मांडा. ऑनररी मॅजिस्ट्रेटची पदं रद्द केली, बड्या खानांची सरकारी इनामं काढून घेतली, कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आणला, हे त्यांच्या खात्यावर जमा. १९३८ मध्ये मर्दानजवळच्या गल्ला ढेर गावात काय झालं, ते नावे.

तोरूच्या नवाबाच्या कुळांनी जुलमी वसुलीविरुद्ध आणि जमिनीवरून हाकलण्याविरुद्ध आंदोलन केलं. लाल डगले घातलेलेच लोक होते त्यात, काँग्रेसमधल्या समाजवाद्यांनी पुढाकार घेतलेला. आणि खानसाहेबांच्या सरकारने त्यांनाच धरून तुरुंगात टाकलं. ज्या माणसाने हजारीबागचा तुरुंग सोसला, त्याच्या पोलिसांनी स्वतःच्याच कार्यकर्त्यांवर लाठ्या चालवल्या. याला बाहेरचा निर्णय कसा म्हणायचा?

---

सरहद्द_वाचक (धागालेखक)

@बांधावरून, गल्ला ढेर इथे आणलंत, फार योग्य केलंत. तो निर्णय पूर्णपणे त्यांचा होता आणि तो अन्यायच होता. कायदा-सुव्यवस्थेचं खातं हातात आलं की प्रश्न कुळाचा आहे हे न दिसता जमाव दिसायला लागतो. मुंबईत खेर मंत्रिमंडळाच्या काळात नोव्हेंबर १९३८ च्या कामगारांच्या संपात गोळीबार झाला, तीही याच रोगाची खूण.

तरी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने मांडीन. ऑनररी मॅजिस्ट्रेटची पदं रद्द करणं आज किरकोळ वाटतं. पण खेड्यात त्याचा अर्थ काय होता बघा. गावचा बडा खान हाच जमीनमालक, त्याच्याच घरी सरकारी अधिकारी उतरणार, आणि कुळाशी भांडण झालं तर न्यायाधीशाच्या खुर्चीवरही तोच बसणार. ती खुर्ची काढून घेतली. जमीन काढून घेतली नाही, तेवढी हिंमत मंत्रिमंडळाने केली नाही. पण खान मंडळी लीगकडे वळली ती उगीच नाही.

---

दप्तरखाना

१९३९ च्या राजीनाम्याबद्दल थोडं. युद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढलं म्हणून काँग्रेसने सगळ्या प्रांतांतली मंत्रिमंडळं मागे घेतली. मद्रास, मुंबई, संयुक्त प्रांत इथे त्याचा जो परिणाम झाला त्यापेक्षा सरहद्दीत फार वेगळा झाला. त्या प्रांतांत काँग्रेसला पर्यायी बहुमत उभंच राहत नव्हतं. सरहद्दीत १९४३ मध्ये, काँग्रेसचे काही आमदार तुरुंगात असताना, औरंगजेब खानांचं लीग मंत्रिमंडळ बसवता आलं. लीगला त्या प्रांतात मूळ धरायला सरकारी सावली मिळाली.

म्हणून १९४५ चा मार्च मला महत्त्वाचा वाटतो. बाकी सगळीकडे काँग्रेस सत्तेबाहेर होती. खानसाहेबांनी अविश्वास ठराव आणला, जिंकला, आणि गांधीजींची संमती घेऊन मंत्रिमंडळ बनवलं. पक्षशिस्त मोडली नाही, पण प्रांताचं हित पक्षाच्या गळी उतरवलं. त्यांच्या कारकिर्दीतला तो सर्वांत हुशार डाव, असं माझं मत.

---

माजघर

मला त्यांच्या घराबद्दल वाचताना जास्त वाईट वाटतं. पत्नी इंग्रज, ते एक निमित्त विरोधकांना होतंच. १९४२ मध्ये मुलीने हवाई दलातल्या बिगरमुस्लिम अधिकाऱ्याशी लग्न केलं. लीगने ते लग्न प्रचारात वापरलं. एका मुलीच्या लग्नावरून बापाचा धर्म तपासायचा, हे आपल्याला आजही ओळखीचं वाटावं.

आणि फेब्रुवारी १९४७ ची ती गोष्ट. हजारा जिल्ह्यातल्या दंगलीत एका शीख बाईचं जबरदस्तीने धर्मांतर करून लग्न लावलं होतं. खानसाहेबांनी तिला स्वतःच्या घरी आसरा दिला. तिला परत करा म्हणून पेशावरात लीगचा मोर्चा त्यांच्या बंगल्यावर चालून गेला, काचा फोडल्या. ती मागणी त्यांनी मान्य केली नाही. पुढे निवडणूक असो की सार्वमत, हे आपल्याला महाग पडणार हे त्यांना कळत नसेल का? तरी ते हटले नाहीत. माझ्यासाठी हा माणूस तिथे मोठा होतो. बाकीचं राजकारण मग वाचते.

---

प्रश्नचिन्ह

@माजघर +१. पण मग १९४६ ला ३० जागा जिंकलेल्या पक्षाच्या प्रांतात वर्षभरात सार्वमत पाकिस्तानच्या बाजूने कसं गेलं?

---

सरहद्द_वाचक (धागालेखक)

हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

ऑक्टोबर १९४६ मध्ये नेहरू सरहद्दीच्या दौऱ्यावर गेले. मलाकंडला त्यांच्या गाड्यांवर दगडफेक झाली. बिहारच्या दंगलींच्या बातम्या आल्या, मुंबई-कलकत्त्याच्या आधीच आलेल्या होत्या. जी भीती १९३७ ला घालता येत नव्हती ती आता घालता येऊ लागली. फेब्रुवारी १९४७ पासून लीगने सविनय कायदेभंग सुरू केला. गव्हर्नर ओलाफ कॅरो आणि खानसाहेब यांचं पटत नव्हतं. कॅरोंचं म्हणणं, पुन्हा निवडणूक घ्या. खानसाहेबांचं म्हणणं, वर्षापूर्वीच घेतली आहे. एप्रिलच्या शेवटी माउंटबॅटन पेशावरला आले तेव्हा लीगने प्रचंड जमाव उभा करून दाखवला.

मग माउंटबॅटनची ३ जूनची फाळणीची योजना. पंजाब आणि बंगालात निर्णय विधानसभांनी करायचा. सरहद्दीत मात्र विधानसभेने नाही, सार्वमताने! कारण तिथल्या विधानसभेचा निर्णय काय येईल ते सगळ्यांना माहीत होतं. काँग्रेसने हे मान्य केलं. 'तुम्ही आम्हाला लांडग्यांपुढे टाकलंत' हे गफार खानांचे उद्गार तेव्हाचे.

२१ जूनला बन्नूत खुदाई खिदमतगारांनी ठराव केला की पठाणांना स्वतंत्र राज्याचा पर्याय द्या. तो मिळाला नाही. पेट्या दोनच, हिंदुस्थान किंवा पाकिस्तान. मधला पश्चिम पंजाब पाकिस्तानात जाणार असताना पेशावरच्या माणसाने हिंदुस्थानच्या पेटीत मत कशासाठी टाकायचं? त्यांनी बहिष्कार टाकला. ६ ते १७ जुलै मतदान झालं. मतदार ५,७२,७९८. पाकिस्तानला २,८९,२४४, हिंदुस्थानला २,८७४. म्हणजे एकूण मतदारांच्या निम्म्याहून किंचित जास्त लोकांनी पाकिस्तानला मत दिलं. मताधिकारही सगळ्या प्रौढांना नव्हता, आणि टोळ्यांचा मुलूख आणि स्वात, दीर, चित्रालसारखी संस्थानं या मतदानात नव्हतीच.

निकाल निर्विवाद होता, हे मी मानतो. पण दोन महिने आधी विधानसभेत बहुमत असलेलं सरकार होतं, आणि ते सार्वमताने पडत नव्हतं. सार्वमत देश कोणता याचं होतं, सरकार कोणाचं याचं नव्हतं. २२ ऑगस्टला गव्हर्नर कनिंगहॅमने मंत्रिमंडळ बडतर्फ केलं. बहुमत आजमावायला विधानसभा बोलावली नाही. पाकिस्तान जन्मून आठवडा झाला होता आणि निवडून आलेलं पहिलं प्रांतिक सरकार घालवून झालं होतं. पुढे तिथे हे किती वेळा घडलं ते आपण जाणतोच.

---

बांधावरून

यातले अब्दुल कय्यूम कोण? तुमच्या पहिल्या लेखात १९३७ चे अब्दुल कय्यूम आहेत आणि १९४७ नंतरही अब्दुल कय्यूमच मुख्यमंत्री झाले असं वाचलंय.

---

दप्तरखाना

दोन वेगळी माणसं. १९३७ चे ते सर साहिबजादा अब्दुल कय्यूम, पेशावरच्या इस्लामिया कॉलेजच्या संस्थापकांपैकी, त्याच वर्षी वारले. दुसरे खान अब्दुल कय्यूम खान, वकील. हे मध्यवर्ती कायदेमंडळात काँग्रेसचे पुढारी होते, १९४५ मध्ये लीगमध्ये गेले, आणि खानसाहेबांना काढल्यावर त्यांच्या जागी बसले. त्यांच्याच कारकिर्दीत १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळ बाबडा इथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. सरकारने मृतांचा आकडा पंधराच्या आसपास सांगितला, चळवळीचे लोक शेकड्यांत सांगतात. उतमानझाईपासून ती जागा फार लांब नाही.

---

बांधावरून

आता माझा खरा आक्षेप. बाबडा घडलं, भाऊ वर्षानुवर्षं तुरुंगात, स्वतः नजरकैदेत. आणि १९५४ ला हे गृहस्थ पाकिस्तानचे पंतप्रधान मोहम्मद अली बोगरा यांच्या मंत्रिमंडळात जातात. त्याच मंत्रिमंडळात जनरल अयूब खान, इस्कंदर मिर्झा. एका वर्षात वन युनिट येतं, सरहद्द, सिंध, पंजाब, बलुचिस्तान सगळे मोडून एकच प्रांत. आणि ज्या प्रांतासाठी आयुष्य घालवलं तो प्रांत नकाशावरून पुसणाऱ्या सरकारचे पहिले मुख्यमंत्री हेच! जून १९५६ मध्ये वन युनिटला विरोध केला म्हणून गफार खानांना अटक झाली, तेव्हा लाहोरात मुख्यमंत्री कोण होतं? सख्खा भाऊ. हे मला माफ करता येत नाही.

---

सरहद्द_वाचक (धागालेखक)

माफ करा असं मी म्हणणार नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करतोय.

पुढे राष्ट्रपती झालेले इस्कंदर मिर्झा पूर्वी पेशावरला डेप्युटी कमिशनर होते, त्यांची आणि खानसाहेबांची ओळख तेव्हापासूनची. नजरकैदेतून बाहेर आल्यावर सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर दोनच रस्ते होते. भावासारखं बाहेर राहून तुरुंगाच्या फेऱ्या मारत राहायचं, किंवा आत शिरून काही करता येतं का बघायचं. त्यांचा पिंड दुसऱ्या रस्त्याचा होता, १९३४ पासूनच. मुस्लिम लीगने अट घातली की मुख्यमंत्री लीगचाच हवा. ते लीगमध्ये गेले नाहीत. १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्ष काढला, लीगमधले बरेच जमीनदार त्यात आले, आणि अध्यक्षपदाची (स्पीकरची) निवडणूक अवघ्या एका मताने जिंकली. ज्या लीगने १९४७ ला हाकललं तिला १९५६ ला लाहोरात पाणी पाजलं. यात त्यांना समाधान वाटलं असणार, आणि मला वाटतं त्याच समाधानाने त्यांचा घात केला. कारण तो पक्ष त्यांचा नव्हताच. मिर्झांच्या गरजेपुरता जमवलेला जमीनदारांचा मेळा होता. ज्या बड्या खानांच्या हातून त्यांनी १९३७ ला न्यायाधीशाची खुर्ची काढून घेतली, त्यांच्याच जातकुळीच्या लोकांच्या खांद्यावर आता सरकार होतं.

मार्च १९५७ मध्ये बहुमत डळमळलं. तेव्हा त्यांनी काय केलं? विधानसभेला सामोरं न जाता राष्ट्रपती राजवट लावून घेतली. २२ ऑगस्ट १९४७ ला त्यांच्यावर जे झालं, म्हणजे विधानसभेला न विचारता वरून निर्णय, तेच त्यांनी स्वतः मागून घेतलं. हे मला भावाच्या अटकेपेक्षाही जास्त लागतं. अटकेमागे कराची, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतलं केंद्र सरकार, होतं, दबाव होता. इथे मात्र सभागृहावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास उडालेला दिसतो.

---

वैद्यकी

शेवटाबद्दल कोणी लिहाल का? खून राजकीय होता का?

---

दप्तरखाना

मारेकरी अता मोहम्मद, मियांवालीकडचा, नोकरीतून काढलेला पटवारी. सकाळची साडेआठच्या सुमाराची वेळ. खानसाहेब एकमन रोडवरच्या बंगल्यात मुलाकडे उतरले होते, बागेत बसून एका सहकाऱ्याची वाट बघत होते. त्याच्याबरोबर सभेला जायचं होतं. फेब्रुवारी १९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी चालली होती. मारेकऱ्याचं गाऱ्हाणं नोकरीचं होतं. दफन उतमानझाईला झालं.

ती निवडणूक झालीच नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला, आधी मिर्झांनी विधानसभा मोडल्या, मग अयूबनी मिर्झांना देशाबाहेर घालवलं. रिपब्लिकन पक्ष त्यातच संपला.

@बांधावरून, एक गोष्ट तुमच्या आक्षेपाला जोडून. खानसाहेब मुख्यमंत्रिपदावरून गेल्यावर, सप्टेंबर १९५७ मध्ये, याच रिपब्लिकन पक्षाने गफार खानांच्या नॅशनल अवामी पक्षाशी हातमिळवणी करून वन युनिट मोडण्याची शिफारस करणारा ठराव पश्चिम पाकिस्तानच्या विधानसभेत मंजूर करून घेतला. अंमलबजावणी व्हायला १ जुलै १९७० उजाडला.

---

माजघर

म्हणजे हयातीतच त्यांच्या पक्षाने भावाचं म्हणणं मान्य केलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं.

वन युनिटला सुरुवातीपासून विरोध करून तुरुंगात बसलेल्या पठाण पुढाऱ्यांपैकी बलुचिस्तानचे अब्दुल समद खान अचकझाई यांच्याबद्दलही लिहा ना. तेही शेवटी प्रांतिक विधानसभेत निवडून आले होते आणि त्यांचाही खून झाला, एवढंच माहीत आहे.

---

सरहद्द_वाचक (धागालेखक)

हो, डिसेंबर १९७३, क्वेट्टा. त्यांची वाट खानसाहेबांच्या बरोबर उलट. आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात, आणि सभागृहात पोचले ते १९७० नंतर. त्यांच्यावर वेगळा धागा काढतो, इथे दोन-चार ओळींत उरकायचा विषय नाही. तोवर कोणाकडे १९३७-३९ च्या सरहद्द मंत्रिमंडळाबद्दल त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतलं काही असेल तर इथे जरूर टाका.